ते सोळा दिवस माझे होते

परबकाका,

तुमच्या तेराव्याला मी जेवले नाही. पानात सगळं वाढलेलं होतं आणि मी भात नुसता इकडचा तिकडे करत बसले होते. काकींच्या लक्षात आलं. "काय झाला मॅडम? बरा वाटणा नाय?" म्हणाल्या. मी पोटाचं कारण सांगितलं. माझ्या पोटाला काहीही झालेलं नव्हतं.

झालं होतं ते असं, की त्याआधी अर्धा तास काकी आल्यागेल्या प्रत्येकाला मला दाखवत होत्या. "ह्याच त्या मॅडम. आमच्या ह्यांचो हात ह्यांनीच बरो केलो." तुमचे शेजारी, तुमचा भाचा, तुमच्या जुन्या कारखान्यातले दोघं, सगळे माझ्याकडे बघून हात जोडत होते. मग कुणीतरी विचारलं, अलीकडे क्लिनिकात जात नव्हते का? तर काकी म्हणाल्या, "नाय. गुडघे दुखूक लागले, जिनो चढूक जमणा नाय, म्हणून सोडल्यानी."

गुडघे! तुम्ही घरी गुडघ्यांवर ढकललंत. म्हणून मी जेवले नाही.

हे मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीचे दोन कागद फाडले, कारण ते फार छान झाले होते. त्यांत तुम्ही शांत, हसतमुख, सेवाभावी वगैरे होतात. तुम्ही आणि हसतमुख? तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात तेव्हा तुमचा चेहरा बघून शेजारच्या पेशंटने खुर्ची बदलली होती. त्या दोन्ही कागदांत मी म्हणजे तुमचं कौतुक करणारी एक बाई होते, बाकी काही नाही. खरं ते लिहिलं नाही तोवर मला एका जागी बसवत नाहीये. चहा गाळता गाळता खिडकीशी जाते, परत येते, तोवर चहा गार होतो. क्लिनिकमध्ये एकाचा हात धरलेला असतो आणि लक्ष जिन्याकडे असतं. तेव्हा आता जसं येईल तसं लिहिते.

अकरा वर्षं झाली त्याला. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसखाली तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि उरलेली लाकडासारखी झाली. सर्जन तुटलेलं जोडतात, आणि पुढचे कितीतरी आठवडे ते जोडलेलं हलतं करायचं काम आमचं, म्हणजे हातांच्या थेरपिस्टचं. मी तुमच्या हातात मऊ चेंडू दिला आणि दिवसातून पाच वेळा दाबायला सांगितलं. तुम्ही तो फिरवून फिरवून बघितलात आणि म्हणालात, "ह्यो दाबून माका काय गावतला?" मी म्हटलं, ताकद येईल. तुम्ही म्हणालात, "मगे ताकदीन काय करू? चेंडू दाबू?"

मला राग आला होता. तेव्हा माझं क्लिनिक नवं होतं आणि मला सगळ्याच गोष्टींचा राग यायचा. पण चौथ्या दिवशी तुम्ही एका फळीवर नळ, कडी, कुलूप, नट-बोल्ट आणि दाराची मूठ ठोकून घेऊन आलात, ती माझ्या टेबलावर आपटलीत आणि स्वतःच खेळत बसलात. दुपारपर्यंत क्लिनिकमधले सगळे चेंडू सोडून तुमच्या फळीभोवती जमले. तुमचा हात होता तेवढा बरा झाला, तरी तुमचं येणं काही थांबलं नाही. प्रेस तर सुटलाच होता. रोज दहाला यायचात, सगळ्यांना कामाला लावायचात, एकला डबा खायचात आणि माझ्याशी भांडून घरी जायचात. मला मॅडम म्हणायचात आणि त्याच वाक्यात तू करायचात.

भांडण दहा वर्षं एकच होतं. मी पट्टी लावून बोट किती अंशात दुमडतंय ते मोजायची आणि वहीत लिहायची. तुम्ही म्हणायचात, आकडा वाढला म्हणून माणसाला शर्टाचं बटण लावता येतं असं नाही. मी म्हणायची, मोजलं नाही तर कळणार कसं? तुम्ही म्हणायचात, "हात धरून बघ मगे." मी म्हणायची, हात धरून अंदाज येतो, पुरावा मिळत नाही. तुमच्या वालांवरून तर आपण आठवडाभर बोलत नव्हतो. भिजवलेले, मोड आलेले वाल तुम्ही डब्यात घेऊन आलात आणि पेशंटना सोलायला बसवलंत. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हलकं दाबलं की साल सुटते आणि वाल बुळकन पुढे पळतो. घाटकोपरचे एक शहाकाका ज्यांना पेन धरता येत नव्हतं, ते तुमच्याशी पैज लावून वाल सोलत होते. मी ओरडले, हे क्लिनिक आहे का स्वयंपाकघर? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बिरडा खाशीत तेव्हा सांग." आणि दुसऱ्या दिवशी काकींनी केलेलं बिरडं माझ्यासाठी आलं. मी खाल्लं. छान होतं. तुम्हाला तसं सांगितलं नाही.

कपड्यांचे चिमटेही तुम्ही केलेत. कारखान्यातून स्प्रिंगा आणून तीन ताकदीचे केलेत: हिरवा हलका, पिवळा मध्यम, लाल जड. मी ते आजही वापरते. पिवळा हातात घेतला की मला कसंतरी होतं, पण वापरते.

आता रेश्मा. तिचं नाव लिहू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा, माझी काय चोरी आहे?" ती गोरेगावच्या स्टुडिओत कपडेपटात शिवण करायची, कापड बेतायची. आरशाची काच फुटून तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची, ते दुमडणारी टेंडन कापली गेली. टेंडन म्हटलं की कुणाला कळत नाही म्हणून तुम्ही दोरी म्हणायचात. दोरी शिवल्यावर तिला पहिले काही आठवडे जपून हलवायची असते, जोर अजिबात लावायचा नसतो. जोर सुरू करायचा तो आठव्या आठवड्यानंतर, तोही थोडा. त्याआधी लावला तर शिवण सुटते. आमच्या धंद्यातलं सगळं शहाणपण एका गोष्टीत असतं, आज कितवा आठवडा.

रेश्माची फाईल मी उघडली, वरच्याच कागदावर ऑपरेशनची तारीख होती. तिलाही विचारलं, ऑपरेशन कधी झालं? तिने तीच तारीख सांगितली. माणसाला लागलेला दिवस लक्षात राहतो. त्या कागदाच्या खाली दुमडलेला दुसरा कागद होता. सोळा दिवसांनी पू झाला, शिवण सुटली, म्हणून बोट पुन्हा उघडून दोरी नव्याने शिवली होती. आठवडे त्या दिवसापासून मोजायला हवे होते. तो कागद मी उलगडला नाही. पुढच्या पेशंटला उशीर होत होता.

मी आठ आठवडे धरले तेव्हा तिचे सहासुद्धा झाले नव्हते.

त्या दिवशी ती तुमच्या टेबलाशी बसली होती. तुम्ही उठून माझ्यापाशी आलात आणि हळूच म्हणालात, "मॅडम, बोट अजून गरम लागता. आठ झाले खरे?" मी फोनवर होते. फोन बाजूला धरून म्हटलं, "काका, मोजायचं काम माझं. पिवळा द्या." तुम्ही म्हणालात, "बरा." आणि जाऊन तिला पिवळा चिमटा दिलात.

दोरी तुटताना आवाज येत नाही हो तसा. रेश्माला मात्र आतून काहीतरी पट्कन सुटल्यासारखं झालं. तिने बोट दुमडायचा प्रयत्न केला, बाकीची तीन दुमडली, ते एक सरळच राहिलं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग ओरडली.

आणि मी काय केलं? मी सगळ्या क्लिनिकसमोर तुमच्यावर ओरडले. "पिवळा कुणी द्यायला सांगितला तुम्हाला? तुम्ही डॉक्टर आहात का? कुणाच्या हाताशी खेळताय?" सगळे ऐकत होते. रेश्मा रडत ऐकत होती. त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की मी हिरवा म्हटलं होतं. निदान तसं मी स्वतःला सांगत राहिले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता म्हणतील, तूच तर म्हणालीस. तुम्ही म्हणालात, "चुकला माझा." टेबलावरचा तुमचा डबा उचललात आणि जिना उतरून गेलात. एक वाजायला बराच वेळ होता. तुमचे गुडघे ठणठणीत होते, काका. तुम्ही भराभर उतरलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते. तुम्ही आला असतात तर मला तुमच्याकडे बघावं लागलं असतं.

चार महिन्यांनी तिच्या सर्जननी माझ्याकडून सगळा अहवाल मागवला. मी फाईल काढली, कागद एकेक करून मांडले आणि तो दुमडलेला कागद उलगडला. वाचल्यावर मी उठले आणि क्लिनिकमध्ये नुसती फेऱ्या मारत राहिले. पिवळा म्हटलं की हिरवा, हा प्रश्नच उरला नाही. हिरवासुद्धा द्यायचा नव्हता. तुम्ही हात धरून जे ओळखलंत ते मला माझ्या वहीत दिसलं नव्हतं. सर्जनना मी दोन्ही तारखा लिहून पाठवल्या. नुसत्या तारखा. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आणि तुम्हाला फोन करायचा म्हणून रोज ठरवलं. सोमवारी वाटायचं, फोनवर कसं सांगायचं, घरी जाऊ. रविवारी वाटायचं, घरी काकी असतील, त्यांच्यासमोर नको. असे आठ महिने गेले.

मध्ये एकदा तुम्ही मरोळच्या मासळी बाजारात भेटलात. तुम्ही बांगडे घेत होतात, मी उगाच उभी होते. मला बघून तुम्ही पिशवी वर केलीत. "पोरीचा बोट कसा आसा?" असं विचारलंत. मी म्हटलं, "बरं आहे." खरं तर मला माहीतच नव्हतं, तिचं तिसरं ऑपरेशन झाल्यावर ती माझ्याकडे येतच नव्हती. तुमच्या बाजूला गर्दी नव्हती, घाई नव्हती, काकी नव्हत्या. मला सगळं सांगता आलं असतं, दोन वाक्यांचं तर काम होतं. मी म्हटलं, "चला, निघते, पेशंट आहेत." तुम्ही म्हणालात, "जा, जा." तेच शेवटचं.

मग तुमच्या मुलाचा मेसेज आला. सकाळी पेपर वाचता वाचता गेलात म्हणे. मी तो मेसेज तीनदा वाचला आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? आता सांगायला नको. हे आलं माझ्या मनात. पुढच्याच क्षणी मला स्वतःची शिसारी आली, पण ते आलं होतं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी बोरीवलीला रेश्माकडे गेले. तिच्या आईने दार उघडलं आणि मला ओळखून आत हाक मारली. रेश्मा कुठल्याशा घागऱ्याला हुक लावत होती. आता तिला बेतायचं काम देत नाहीत, कात्री नीट चालत नाही. ते बोट थोडंसं दुमडतं, टोकाचा सांधा दुमडत नाही. मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "रेश्मा, तुझे आठवडे मी चुकीचे मोजले. सोळा दिवसांची चूक केली. परबकाकांनी मला विचारलं होतं आणि मीच पिवळा द्या म्हटलं होतं."

तिची सुई थांबली नाही. "कधी कळलं तुम्हाला?"

"आठ महिने झाले."

"आठ महिने!" आता सुई थांबली. "आणि काका?"

मी म्हटलं, ते गेले. तिला माहीत होतं. तिने विचारलं होतं ते वेगळंच. "काकांना सांगितलंत का, ते विचारतेय मी."

मी नाही म्हटलं. तेव्हा तिची आई मध्ये पडली. "अहो, ते इथे यायचे, मॅडम. दर गुरुवारी. तुम्हाला कोणी बोललं नाय?"

मला कोणी बोललं नव्हतं, काका. तिचं तिसरं ऑपरेशन झाल्यावर तुम्ही पत्ता शोधत त्यांच्या घरी गेलात. तिच्या आईने तुम्हाला दारातच उभं करून वाट्टेल ते सुनावलं. माझ्या पोरीच्या पोटावर पाय दिलात, असंही म्हणाली. ती हे मला सांगत होती आणि डोळे पुसत होती. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "माझ्याच हातसून झाला. आता मीच बसान करून घेतंय." आणि तिच्या नव्या डॉक्टरांनी जेवढं सांगितलं होतं तेवढंच, दर गुरुवारी दोन तास, तिच्याकडून करून घेतलंत. वालसुद्धा नेलेत. म्हणजे बाजारात मला बोटाचं विचारलंत तेव्हा ते कसं आहे हे तुम्हाला माहीत होतं. ते बोट आज जे काही दुमडतं ते त्या गुरुवारांमुळे, असं ती म्हणते.

"मी एकदा विचारलं त्यांना, मॅडम कशा आहेत," रेश्मा म्हणाली. "तर बोलले, तिचा ऐकत जा, तिका सगळा कळता."

मी तिथे रडले. रेश्मा रडली नाही, तिला राग आला होता, आणि तो बरोबर होता. "मॅडम, माझी वाट लागली ती लागली. पण तुम्ही मला एकटीला घरी येऊन गुपचूप सांगताय. त्यांच्यावर ओरडलात तेव्हा तर पूर्ण क्लिनिक ऐकत होतं ना?"

मी चप्पल घातली आणि निघाले. बोरीवलीहून अंधेरीला येईपर्यंत मी तुमच्याशी भांडत होते. का नाही बोललात? एकदा तरी, त्या बाजारात तरी, बांगड्यांची पिशवी हातात घेऊन म्हणायचं होतंत, मॅडम, तूच पिवळा सांगितलास. मला सुटल्यासारखं झालं असतं. मी तुमच्यावर आणखी ओरडले असते, घरी जाऊन रडले असते आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले असते. तुम्ही मला ती संधीच दिली नाहीत. तुमच्या चांगुलपणाचा मला राग येतोय, काका, आणि तो कुणाला सांगायचीही सोय नाही. तुमचे आभार मानायचे तर कशाचे मानू? माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन तुम्ही दर गुरुवारी तिची भरपाई करत होतात, आणि मी इथे फेऱ्या मारत होते. काकींना अजून सांगितलेलं नाही. उद्या मरोळला जाते आहे. काय म्हणतील माहीत नाही. काही म्हणाल्या तर ऐकून घेईन, एवढं तुमच्याकडून शिकले.

काल सकाळी दहा वाजता क्लिनिकमध्ये सातजण होते. कुणाचा हात गरम पाण्यात, कुणाचा प्लास्टिकच्या पट्टीत. तुम्हाला ओळखणारं त्यांच्यात कुणीच नव्हतं, वर्षभरात सगळे बदलले. मी मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, मला एक सांगायचंय. मी सगळं सांगितलं: दुमडलेला कागद, सोळा दिवस, तुम्ही आणि तुमचा प्रश्न, मी फोनवर असणं, पिवळा चिमटा, माझं ओरडणं, तुमचं ते वाक्य. सगळं, जसं झालं तसं.

मुलुंडचे बँकेतले निवृत्त जोशी म्हणाले, "मॅडम, माझे आठवडे जरा परत बघता का?" ते थट्टा करत नव्हते. मी सातही फायली काढल्या, ज्याची त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, तुम्हीच मोजा, खालचे कागदसुद्धा उलगडून बघा. सगळे मोजत बसले. शाळेत परीक्षेच्या वेळी असतं तसं क्लिनिक शांत झालं होतं. सातही बरोबर निघाल्या. मला त्याचा आनंद झाला नाही.

मी फायली गोळा करत होते तेव्हा खिडकीजवळची बाई म्हणाली, ती वाकोल्याला पोळीभाजी केंद्र चालवते, पुरणयंत्रात बोट गेलेली, "पण मॅडम, चूक तुमची होती ना? मग त्यांना बोलवा की परत. घरी जा, माफी मागा आणि घेऊन या हाताला धरून. आम्हालाही शिकवतील."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सगळं सांगितलं होतं, फक्त तुम्ही गेलात हे सांगितलंच नव्हतं.